तीन मीटरांचा पुरावा

वायुवाहिनी रस्त्याच्या कडेने नेता येते. मोठ्या व्यासाची, उच्च दाबाची, शेकडो किलोमीटर लांबीची वाहिनी नेता येते. आपल्या इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांत ती नेऊन झाली आहे. ‘गेल’ कंपनीची मुंबई–नागपूर नैसर्गिक वायुवाहिनी सुमारे ७०० किलोमीटरची आहे. नळी २४ इंची, म्हणजे दोन फूट व्यासाची, पोलादी. तिचा बहुतेक सगळा मार्ग समृद्धी महामार्गाच्या हद्दीतून जातो आणि तिथे तिला मिळालेली जागा आहे सुमारे तीन मीटर रुंद.

हे तीन मीटर प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावेत. कारण असे होऊ शकत नाही, हेच त्याला आजवर ऐकवले गेले.

सर्वांत मोठ्या आवाजात ते तामिळनाडूत ऐकवले गेले. कोचीहून बंगळुरूकडे जाणारी ‘गेल’चीच वाहिनी कोइम्बतूर, तिरुपूर, इरोड, नामक्कल, सेलम, धर्मपुरी आणि कृष्णगिरी या सात जिल्ह्यांच्या शेतांतून सुमारे ३१० किलोमीटर जायची होती. पट्टा होता २० मीटर रुंद. शेतकरी म्हणाले, महामार्गाच्या कडेने न्या. २०१३ मध्ये मुख्यमंत्री जयललितांनी शेतकऱ्यांचे हे म्हणणे उचलून धरले आणि शेतातले काम थांबवायला सांगितले. महामार्गालगत वाहिनी नेणे व्यवहार्य नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने राज्याचा आदेश रद्द केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याचे अपील फेटाळले. कायद्याच्या अंगाने निकाल स्पष्ट होता: हा विषय केंद्राचा, राज्याने त्यात पडू नये.

कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. अभियांत्रिकीचा प्रश्न मात्र समृद्धीवर उलटा सुटला. तीच कंपनी, तोच वायू. फरक एवढाच की इथे रस्ता बांधणाऱ्या सरकारला रस्ता आणि वाहिनी एकत्र हवी होती.

साधा हिशेब करून पाहा. ७०० किलोमीटर लांबीची वाहिनी २० मीटर रुंदीच्या पट्ट्यातून नेली तर १,४०० हेक्टर जमिनीवर कायमची बंधने येतात. तीन मीटरच्या पट्ट्यात तीच वाहिनी २१० हेक्टरांत बसते. आणि ते २१० हेक्टरही रस्त्याच्या हद्दीतले, ज्यावर कुणाची विहीर, बाग किंवा वस्ती येणार नव्हती.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य करायला हवा. समृद्धी नवाकोरा रस्ता आहे. त्याची हद्द सपाट भागात १२० मीटर रुंद आखली गेली आणि सेवावाहिन्यांसाठी जागा आधीच धरली गेली. आपला जुना मुंबई–आग्रा महामार्ग तसा नाही. त्याच्या दोन्ही अंगांना ओझर, पिंपळगाव, चांदवड अशी गावे चिकटली आहेत. तिथे दाबाखालच्या वायूची नळी दुकानांच्या पायरीखालून न्यावी, असे मी कधीच म्हणणार नाही. पण मग प्रत्येक ठिकाणी कंपनीने सांगावे की रस्त्याची हद्द का चालत नाही, कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत चालत नाही आणि शेतातून जावेच लागले तर पट्टा तीन मीटरांवरून वीस मीटरांवर का जातो. नकाशा टेबलावर ठेवून सांगावे. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ या तीन शब्दांवर आता कुणी सही करू नये.

आणि हे तीन मीटर फुकट आलेले नाहीत, हेही इथेच नोंदवून ठेवतो. २०१७ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने समृद्धीची मोजणी अडवली होती. बागायती जमीन रस्त्यात जाणार म्हणून बायामाणसे शेतात उतरली होती. पुढे थेट खरेदीत पाचपटीपर्यंत दर दिला गेला, विरोध हळूहळू ओसरला, रस्ता झाला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. वाहिनीने ज्या शेतकऱ्यांना वाचवले, त्यांच्या वाट्याची किंमत दहा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी आधीच मोजली आहे. त्यांचे ऋण कुठल्याही उद्घाटनाच्या फलकावर लिहिले गेले नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण खरे दुखणे तिथे आहे.

पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांसाठी जमिनीचा वापरहक्क संपादन करण्याचा कायदा १९६२ चा आहे. या कायद्याखाली सरकार तुमची जमीन घेत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. सरकार घेते तो वापराचा हक्क: जमिनीखाली नळी टाकायचा, तिची देखभाल करायचा, त्यासाठी कधीही शेतात यायचा हक्क. हा हक्क पुढे कंपनीकडे जातो आणि त्याला मुदत नाही.

बदल्यात तुमच्यावर तीन बंधने येतात. त्या पट्ट्यावर कुठलेही बांधकाम करायचे नाही. विहीर, तळे, जलाशय किंवा बंधारा खोदायचा-बांधायचा नाही. झाड लावायचे नाही. कायद्याचे कलम ९ एवढेच सांगते आणि एवढ्यात नाशिकची निम्मी शेती अडकते.

द्राक्षबाग घ्या. निफाड किंवा दिंडोरीतला बागायतदार काय करतो? आधी डॉगरिजची खुंटरोपे लावतो, त्यावर कलम भरतो, मग मंडप उभा करतो. लोखंडी अँगल जमिनीत गाडतो, शेवटच्या ओळीला ताण देतो, तारा ओढतो. भरभरून माल धरायला तिसरे वर्ष उजाडते. कायद्याच्या दृष्टीने द्राक्षाची वेल झाड ठरते का? मंडप बांधकाम ठरतो का? कायद्यातल्या व्याख्यांमध्ये या प्रश्नांची उत्तरे नाहीत. म्हणजे ती देणार कोण? पट्ट्यावरून फेरी मारणारा कंपनीचा माणूस. आपल्या बागेत काय लावायचे, हे शेतकऱ्याने गस्तीवाल्याला विचारायचे, अशी ही व्यवस्था आहे.

नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा पट्ट्यातल्या वेली मोजल्या जातात. इथे मोठी फसगत आहे. मंडप हा एका ताणावर उभा असतो. त्याच्या मधून वीस मीटर कापले की दोन्ही बाजूंच्या तारा सैल पडतात, उरलेल्या बागेला नव्याने शेवटचे खांब आणि ताण द्यावे लागतात. ठिबकची मुख्य नळी मधे तुटली की पलीकडचा तुकडा कोरडा राहतो. फवारणीचा ट्रॅक्टर ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन वळतो, तो आता खंदकाशी थांबतो. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली की जानेवारी ते एप्रिल माल निघेपर्यंत बागेला एक दिवस उसंत नसते. त्या काळात खोदाई आली तर नुकसान पट्ट्यापुरते राहतच नाही. ते अख्ख्या प्लॉटचे असते. पंचनाम्यात मात्र वेली मोजायच्या पट्ट्यातल्याच.

कांदेवाल्याचे वेगळे. कांदा त्या पट्ट्यावर घेता येतो, गहू घेता येतो, सोयाबीन घेता येते; हंगामी पिकाला मनाई नाही. पण कांदा चाळ तिथे उभी करता येत नाही. शेततळे खणता येत नाही. सिन्नरच्या पूर्व भागात जानेवारीनंतर शेततळ्याच्या पाण्यावरच पीक तगते. तिथे शेतात तळ्याला साजेशी एकच जागा असते आणि वाहिनी नेमकी तिच्यावरून गेली तर पुढच्या पिढीची बागायत तिथेच संपते. दोन एकराच्या तुकड्यातून आडवा पट्टा गेला तर उरलेले दोन्ही भाग घर, विहीर, चाळ यांसाठी अपुरे पडतात. या उरलेल्या जमिनीच्या घसरलेल्या किमतीचा स्वतंत्र रकाना मोबदल्याच्या हिशेबात नाही.

इगतपुरीत भातखाचरे आहेत. तिथे बांध हेच भांडवल. खाचराचा बांध एकदा फोडला आणि भराव नीट दाबला नाही तर पुढची दोन-तीन वर्षे पाणी त्याच फटीतून निघून जाते. काळ्या जमिनीत खोल खणले की खालचा मुरूम वर येतो. वरची माती वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी तीच वर पसरायची, हा साधा नियम कंत्राटदाराला माहीत असतो. घाईच्या वेळी पोकलेन सगळे एकत्र ढकलते. पहिल्या पावसानंतर भराव खचतो, लांबच लांब घळ पडते, आणि तोवर कंत्राटदाराचा तळ पुढच्या तालुक्यात गेलेला असतो.

आता मोबदला. पिकांचे, झाडांचे, बांधकामाचे नुकसान भरून द्यायचे. त्याशिवाय वापरहक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. एकदाच. कलम १० मध्ये हा आकडा आहे.

एक उदाहरण मांडतो. शेताच्या आत १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टा गेला, म्हणजे सुमारे अर्धा एकर. भाव एकरी ४० लाख धरू. अर्ध्या एकराचे २० लाख, त्याचे दहा टक्के दोन लाख. हे दोन लाख घेऊन शेतकऱ्याने आणि त्याच्या नातवाने, पणतवानेही त्या अर्ध्या एकरावर विहीर, घर, झाड यांचा विचार सोडून द्यायचा. आणि भाव धरताना खरेदीखतांवरचे आकडे बघतात. ते प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा किती खाली असतात, हे जिल्ह्यात कुणालाही विचारा.

१९६२ मध्ये दहा टक्के कसे ठरले असतील, याची कल्पना करता येते. तेव्हा देशात वाहिन्या थोड्या होत्या. शेती बरीचशी कोरडवाहू होती. पट्ट्यावर पुन्हा ज्वारी-बाजरी पेरली की शेतकऱ्याचे फार बिघडत नसे. ठिबक नव्हते, प्लास्टिकचे शेततळे नव्हते, शहर वीस किलोमीटरवरून दोन किलोमीटरवर आलेले नव्हते. सगळे बदलले, आकडा तसाच आहे.

कायदा बदलता येत नाही, असेही नाही. १९७७ मध्ये त्यात खनिजे आली आणि कायद्याचे नावच बदलले. २०११ मध्ये वाहिनीतून चोरी करणाऱ्यांना आणि ती फोडणाऱ्यांना कडक शिक्षा आली. ती दुरुस्ती आवश्यक होती, याबद्दल नाशिककरांना समजावून सांगायला नको. मुंबईहून आलेली तेलवाहिनी मनमाडजवळ पानेवाडीला येते, तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि २५ जानेवारी २०११ रोजी याच परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. ती आठवण या जिल्ह्याच्या अंगावर आजही काटा आणते. कंपनीची नळी वाचवायला संसदेने कायदा उघडला, हे योग्यच झाले. पण कायदा उघडलाच होता तर शेतकऱ्याच्या दहा टक्क्यांची ओळ वाचायला किती वेळ लागला असता?

विजेच्या तारांचे बघा. उच्च दाबाच्या वाहिन्यांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: मनोऱ्याखालच्या जमिनीला ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत. तेही अपुरे, असे शेतकरी म्हणत राहिले, मोर्चे निघाले, कामे अडली. जून २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या: मनोऱ्याला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांच्या पट्ट्याला ३० टक्के. नऊ वर्षांत पट्ट्याचा दर दुप्पट झाला. तारांखाली तर पिकाला काहीच अडचण नसते, जमीन उकरलीही जात नाही. आणि जिथे जमीन चिरून नळी पुरली जाते, तिथे सहा दशके दहा टक्के. एकाच शेतात वरून तार आणि खालून वायू गेला तर वरच्या हवेला खालच्या मातीपेक्षा तिप्पट भाव मिळतो. पेट्रोलियम मंत्रालयात कुणी हा हिशेब मांडला असेल तर तो अजून शेतापर्यंत आलेला नाही.

२०१३ चा भूसंपादन कायदा ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या दोन ते चार पट मोबदला देतो. पण तो जमीन घेतल्यावर. वाहिनीवाले जमीन घेत नाहीत, फक्त तिचा उपयोग घेतात. त्यामुळे व्यवहारात हिशेब पुन्हा जुन्याच कायद्यावर येऊन थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात १९६२ चा हा कायदा घटनेला धरून आहे, असे सांगितले आहे. मी त्या निकालापुढे मान झुकवतो. पण कायदा वैध असणे आणि त्यातला दर न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बघणे संसदेचे काम आहे. नाशिक, दिंडोरी, धुळे इथून लोक खासदार निवडून पाठवतात ते याचसाठी.

माझी मागणी एकरकमी टक्केवारी वाढवण्यावर थांबत नाही. पट्ट्याला वार्षिक भाडे द्या.

हे ऐकून मुंबई-दिल्लीतला अधिकारी भुवया उंचावतो. पण भाड्याची रीत आपल्याकडे नवी नाही. शेतात मोबाइलचा मनोरा उभा राहिला की कंपनी भाडे देते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्य सरकार स्वतः शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे देते आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ असते. तिथे जमीन पूर्ण अडते, इथे अंशतः अडते. म्हणून इथले भाडे कमी असू द्या. पण ते दरवर्षी यावे. वाहिनीतून वायू दरवर्षी वाहतो. ज्याच्या मातीतून तो जातो, त्याला कमाईच्या पहिल्याच वर्षी निरोप देऊन मोकळे का व्हायचे?

आणि पाइपलाइन म्हणजे काय, हे नाशिकच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. दारणा, कादवा, गोदावरी यांच्या काठावरून किलोमीटर किलोमीटर लांब पाण्याच्या पाइपलाइनी त्याने स्वतः टाकल्या आहेत. सोसायटीचे कर्ज काढून, नांगराच्या फाळाखाली बसेल इतक्या खोल. वाटेत दहा जणांचे गट लागतात. प्रत्येकाच्या ओट्यावर जाऊन बसायचे, चहा घ्यायचा, स्टँपवर लिहून द्यायचे, त्याचे पीक निघाल्यावरच चारी खणायची, बांध होता तसा करून द्यायचा. कुणी अडलाच तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४९ आहे: तहसीलदार परवानगी देतो, नळी किमान अर्धा मीटर खोल असावी लागते, नुकसान कमीत कमी व्हावे लागते, आणि शेजाऱ्याला भरपाईबरोबर भाडे देण्याचे तत्त्वही त्यात आहे. पाच एकरवाल्या शेतकऱ्याने शेजाऱ्याशी जे वागायचे, तेवढे तरी महारत्न कंपनीने वागावे. त्याहून जास्त मी मागत नाही.

सुरक्षेबद्दल थोडे, पण महत्त्वाचे.

२७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम गावी ‘गेल’ची १८ इंची वाहिनी फुटली. वीसहून अधिक माणसे जळून मेली. नारळाच्या बागा, घरे, गुरे गेली. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू जात होता, नळी आतून गंजली होती. नवी वाहिनी त्या वाहिनीसारखी नाही. पोलाद वेगळे, लेप वेगळा, आतून तपासणीची यंत्रे वेगळी. भीती पसरवायची नाही. पण एक गोष्ट वाहिनीकाठच्या प्रत्येक घराला माहीत असली पाहिजे: नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. आपल्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि शहराच्या जाळ्यातही तो शिरताना मिसळतात. मोठ्या वाहिनीतून गळती झाली तर नाकाला कळेलच, असे नाही. चारीत बुडबुडे, एका ओळीत पिवळे पडलेले पीक, जमिनीतून येणारा फुसफुस आवाज, उडणारी माती या खुणा बघायच्या, जवळ जायचे नाही, गाडी सुरू करायची नाही, खांबावरच्या क्रमांकावर फोन करायचा. हे गावच्या शाळेत, ग्रामसभेत, मराठीत, दरवर्षी सांगितले गेले पाहिजे. पिवळ्या खांबावर इंग्रजी-हिंदीत लिहून भागत नाही. कायदा म्हणतो नळी किमान एक मीटर खोल हवी. पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी जाते. चालकाला मराठी पाटी वाचता आली तर एक अपघात टळेल.

वायूला माझा विरोध नाही. तो आला पाहिजे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांना तो हवा आहे. भट्टीत कोळसा आणि फर्नेस तेल जाळण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. नाशिक आणि धुळ्यात घराघरांत तो पोचवायचे काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहे, ‘गेल’ आणि भारत पेट्रोलियम यांच्या भागीदारीतली कंपनी. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. आज तो सहा-सात टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. म्हणजे आणखी वाहिन्या येणार. मुख्य वाहिनीपासून औद्योगिक वसाहतींकडे, तालुक्यांकडे फाटे फुटणार, आणि ते फाटे दरवेळी एखाद्या महामार्गाच्या हद्दीतून जाणार नाहीत. ते मळ्यांतूनच जातील.

त्या मळ्यातल्या चुलीला काय मिळणार? ज्या गावाच्या शिवारातून वायू जातो, त्या गावाला जोडणी मिळेल असा हक्क १९६२ च्या कायद्यात नाही. वायू पुढे शहरातल्या इमारतीत जातो आणि ज्याच्या बांधाखालून गेला, तो सिलिंडरच्या नंबराची वाट बघत बसतो. छोटे गाव जोडणे परवडत नाही, हे कंपनीचे उत्तर मला कळते. पण वाहिनीच्या दोन्ही बाजूंची गावे आधी, मग बाकीचे, असा क्रम तरी परवान्यातच लिहून घेता येतो. परवाना सरकारच देते.

शेवटी कामाचे बोलू. फाटा येईल तेव्हा राजपत्रात कलम ३ ची अधिसूचना निघेल. त्यात गावाचे नाव, गट नंबर, हेक्टर-आर लिहिलेले असेल. त्या दिवसापासून हरकतीला २१ दिवस. इतकेच. राजपत्र शेतकऱ्याच्या ओट्यावर आपोआप येत नाही, म्हणून मोजणीवाले बांधावर दिसले की ग्रामपंचायतीने स्वतः तहसीलमध्ये चौकशी करावी. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते. तो बहुधा महसूल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी असतो. या पदावर न्यायिक अनुभवाची किंवा कायद्याची पक्की जाण असलेली व्यक्ती असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या गुजरातच्या त्या निकालात सांगितले आहे. समोर कोण बसले आहे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. राहत्या घराखालून, घराच्या अंगणातून आणि अधिसूचनेआधीच्या पक्क्या बांधकामाखालून वाहिनी नेता येत नाही, हे कलम ७ मध्ये आहे. मळ्यातल्या वस्तीचा फोटो, वीजबिल, ग्रामपंचायतीचा उतारा जोडा. मोबदला पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

सुनावणीला कंपनीचा माणूस नकाशा घेऊन येतो. तुमचाही नकाशा सोबत असू द्या: विहीर, बोअर, शेततळ्याची जागा, ठिबकची मुख्य नळी, बागेचा अख्खा प्लॉट, बांध, वस्ती. गटाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो आणि सातबारा तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन. एकवीस दिवसांतले काही दिवस या कागदांतच जातात. अर्ज पहिल्याच दिवशी करा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.